काजमावशींची सून

शिंप्याच्या दुकानामागच्या लांबट खोलीत आम्ही काही बायका शिवायला बसायचो. त्यात सगळ्यांत म्हाताऱ्या काजमावशी. सगळा जन्म हाताने काजं करण्यात गेला, म्हणून हे नाव. नजर अधू झाल्यापासून सुई आम्ही ओवून द्यायचो, काज मात्र त्याच करायच्या. "डोळे गेले तरी बोटांना अजून दिसतं गं," म्हणून स्वतःच हसायच्या.

ऐन पंचविशीत नवरा गेला. पदरात एक मुलगा. त्याला एकटीने वाढवलं, त्याचं लग्न करून दिलं. सूनही आमच्यातच कामाला आली. सासू-सुना एका डब्यात जेवायच्या आणि मीठ कुणी जास्त घातलं यावरून तिथेच भांडायच्या. आमची फुकटची करमणूक.

मग तो मुलगा आजारी पडला आणि बघता बघता गेला. नात तेव्हा नुकती बोलायला लागली होती. दोघी कामावर परतल्या, एका डब्यात जेवू लागल्या, पण भांडण नाही. ती शांतता आम्हालाच सोसेना.

अशीच दोन-तीन वर्षं गेली. मशीन दुरुस्त करायला एक मिस्त्री यायचा. बायको वारलेली, स्वभावाने अबोल. सुनेचं धडधाकट मशीन तो पुन्हा पुन्हा उघडायला लागला, तेव्हा आम्ही काय ते ओळखलं. शेवटी त्याने मावशींनाच रीतसर विचारलं. पण सून ऐकेना.

"तुम्हाला टाकून कुठे जाऊ, आई? आणि लोक काय म्हणतील?"

मावशींनी हातातली सुई खाली ठेवली.

"लोक मला काय म्हणाले, ठाऊक आहे? बाई असावी तर अशी! अजून म्हणतात. पण ताप आला की ते कौतुक काही उशाशी येऊन बसत नाही गं. मलाही एकाने विचारलं होतं. भला माणूस होता. शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघून मी नाही म्हटलं. ते शेजारी मरूनसुद्धा गेले, मी आहे अजून."

"पण तुमचं कसं होणार?"

"मला काय धाड भरलीय?"

लग्न झालं. मिस्त्रीला दुसऱ्या गावी काम मिळालं, तिघं तिकडे गेली. सुरुवातीला सून दर महिन्याला यायची. मग नातीची शाळा सुरू झाली आणि फोनवरच भागू लागलं. एकदा फोनवर नात म्हणाली, "आजी, बाबा सायकल शिकवतायत." मावशींनी आम्हाला कौतुकाने सांगितलं. "बरं झालं बाई, पोरीला हाक मारायला कुणीतरी आहे." त्या दिवशीची त्यांची काजं सगळी वेडीवाकडी झाली. मावशी घरी गेल्यावर आम्ही ती गुपचूप उसवून पुन्हा केली.

सुनेने फार आग्रह केला, म्हणून एकदा राहायला गेल्या. आठवड्यात परत.

"करमलं नाही?" मी विचारलं.

"माझा लेक तोंडावळ्याने माझ्यावर गेला होता. हसता हसता सून माझ्याकडे बघायची आणि गप्प व्हायची. तिच्या घरात मी कशाला दुखणं होऊन बसू?"

"मग आता पस्तावा होतो का?"

"छे. पस्तावा नाही, रडू येतं. दोन्ही वेगळं असतं, पोरी. बरोबर वागलं की रडू येत नाही असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नकोस. रडावं आणि कामाला लागावं."

पुढच्या थंडीत मावशींनी अंथरूण धरलं. आम्ही आळीपाळीने जायचो. सुनेला तेव्हा दिवस गेले होते. फोन आला की मावशी उठून बसायच्या, घसा खाकरायच्या आणि खणखणीत आवाजात म्हणायच्या, "मी ठणठणीत आहे. तू आपली तब्येत जप." आम्हाला मात्र शपथ घातली होती. मग एका सकाळी मला राहवेना. मी सुनेला कळवलं. ती मिळेल त्या गाडीने निघाली, पण पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

अवघडलेल्या अंगाने ती मावशींच्या खाटेवर बसली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती."

"आणि तुम्ही ऐकलंत? अहो, जन्मभर आईंनी हेच केलं! मला परस्पर सुखात ढकललं आणि स्वतः..."

मिस्त्री दारातच उभा होता. आत यावं की नाही, त्याला कळत नव्हतं. मीच त्याला हाताला धरून आत आणलं आणि तिच्या शेजारी बसवलं.