नव्या पिक्चरमध्ये न आलेला झोका

लग्न होऊन मी धुळ्याहून जळगावला आले तेव्हा मला स्वतःच्या अकलेचं फार कौतुक होतं. एवढीशी ती अक्कल, पण पदराखाली झाकून ठेवणं काही जमायचं नाही.

पहिल्या वर्षी अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला माहेरी धाडलं नाही. नणंद बाळंतपणाला आली होती. आमच्या खानदेशात अखाजीला लेकी माहेरी जातात, निंबाला झोके बांधून गाणी म्हणतात. मी जळगावात दुपटी वाळत घातली. दुसरी अखाजी जवळ आली तशी धास्ती सुरू झाली. सासूबाईंना सरळ विचारायला जायची आणि भलतंच काही विचारून परत यायची.

मग मी डोकं चालवलं. हिवाळ्यात आमच्या ह्यांनी मला एक मराठी पिक्चर दाखवला होता, पुण्यातल्या एका गांजलेल्या सुनेचा. पापड लाटताना ती गोष्ट सासूबाईंना सांगायला घेतली आणि शेवटी पदरचा एक सीन जोडला. सासूला उपरती होते, ती स्वतः गाठोडं बांधून सुनेला अखाजीला पाठवते, सून झोक्यावर बसून रडते. सासूबाईंनी पिठाच्या हातानंच डोळे पुसले. मी मनात म्हटलं, जमलं.

कसलं जमलं. आठवड्याच्या आत त्याच पिक्चरची हिंदी नक्कल गावात लागली, आणि जन्मात टॉकीजची पायरी न चढलेल्या सासूबाई आम्हा दोघांना घेऊन झोका बघायला निघाल्या.

हिंदीत दोन खोल्यांचं बिऱ्हाड जाऊन बंगला आला होता, जात्याच्या जागी पियानो. बाई धाय मोकलून रडायची, पण केसाची बट हलायची नाही. सासूबाई मला कोपरानं ढोसून विचारत, "झोका कधी येस?" मी म्हणायची, येईल. दिवे लागले तरी आला नाही.

टांग्यात त्यांनी हिंदीवाल्यांचा उद्धार केला. चांगली गोष्ट नासवली, नेमकं तेच कापलं. मीही माना डोलावल्या. तेवढ्यात हे म्हणाले, "माय, झोका पहिल्यातही नव्हता."

मी म्हटलं, तुम्ही झोपला होतात.

"झोपलो असेन. पण पुण्याच्या लोकांत अखाजीचा झोका कुठून आला?"

हे मला सुचलंच नव्हतं. टांग्यातून उडी मारावीशी वाटली. घर आलं. उंबऱ्यावर सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुले आखाजीले जानं व्हतं, ते सांगनं व्हतं ना वं बाई. मी काय वाघीन शे का?"

आणि कोठीमागून गाठोडं काढून दिलं. मी गोष्ट सांगितली त्याच दिवशी बांधून ठेवलेलं.

धुळ्याला आईनं ते सोडलं. वर खण, खाली पापड. एकजात गोल, पातळ, सासूबाईंच्या हातचे. माझे वाकडेतिकडे त्यांनी घरी खायला ठेवले होते. आई कौतुकानं म्हणाली, शिकलीस हो लाटायला.

माझे कान तापले. तरी तोंडातून 'हो'च निघालं.