पहिली ओळ मदतीची

सीतालक्ष्मी मॅडमच्या लॅबमध्ये नुसता प्रोग्राम चालून भागायचं नाही. प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ हवी: हे करायला मदत कोणाची झाली. मित्राची, बहिणीची, पुस्तकाची, कुणाचीही लिहा, मार्क कापणार नाही. पण ओळ रिकामी दिसली की बाई पुढचं वाचायच्यासुद्धा नाहीत, असाईनमेंट परत! एखादा शहाणा ‘कुणाचीच नाही’ असं लिहून आणायचा. त्याच्याकडे चष्म्यावरून बघत त्या विचारायच्या, "सकाळी डबा कोणी भरला रे?"

कानडी मुलखात, हिनकल गावाच्या पुढं, हुणसूर रस्त्यावरच्या त्या कॉलेजात बाईंची सगळी नोकरी गेली. सुरुवातीला पोरं फ्लॉपी घेऊन यायची आणि अख्ख्या वर्गाला मिळून एकच प्रिंटर. तो करकरत निम्मे कागद खायचा, मग बाई पदर खोचून त्याच्या पोटातून चिटोरी ओढून काढायच्या. तेव्हा त्याचा कोण राग यायचा! हल्ली लॅब इतकी गप्प असते, की त्या करकरीचीसुद्धा बाईंना आठवण येते.

त्याच प्रिंटरपुढच्या रांगेत एकदा शरत उभा होता. रोज एच. डी. कोट्याहून बसनं येणारा, मान वर न करणारा मुलगा. बाईंसारखाच घरी मराठी बोलणारा, म्हणून बाईंचं त्याच्याकडे जरा जास्तच लक्ष. त्यानं लूपचा, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेण्याचा, पहिला प्रोग्राम आणला होता. वर लिहिलं होतं: ‘आई. माळ करताना पाहून.’

"म्हणजे काय रे?" बाईंनी विचारलं.

"दोन फुलं, एक गाठ. परत दोन फुलं, एक गाठ. दोरा संपला की थांबायचं. ते बघून डोक्यात शिरलं, मॅडम."

बाई इतक्या खूश झाल्या की घरी जाऊन यजमानांना हे दोनदा सांगितलं. त्यानंतर प्रत्येक वर्गाला त्यांनी लूप शिकवला तो मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ सांगूनच.

तोच शरत आता विभागप्रमुख झाला होता. बाईंची निवृत्ती तोंडावर आली असताना त्यानंच असाईनमेंटसाठी पोर्टल आणलं. फाईलला नाव कसं द्यायचं ते ठरलेलं, पाच वाजले की दार बंद, आणि प्रोग्राममध्ये कुणाचंही नाव नको. प्रोग्राम कोणत्या पोराचा ते तपासणाऱ्याला कळता कामा नये. बाईंना हे सगळं पटलं. फक्त त्यात त्यांची पहिली ओळ गेली.

"ती एक ओळ ठेव की रे, शरत."

"एनु माडोदु, मॅडम? काय करणार? नाव दिसलं की यंत्र परत पाठवतंय. रूल आहे."

"माझा पण रूलच होता की!"

माळेची आठवण करून द्यावी, असं अगदी जिभेवर आलं होतं. पण ज्याला विसरायचं त्यानं खुशाल विसरावं, अशा ठसक्यात त्या उठून गेल्या. रिक्षात बसल्यावर मात्र डोळे भरून आले. आपण गेल्यावर पोरांकडून ही ओळ लिहून घेणारं कोण उरणार, हेच त्यांना सतावत होतं.

पोर्टल सुरू होण्याआधी प्रत्येक शिक्षकानं एक प्रोग्राम पाठवून बघायचा होता. कुठलं बटण दाबायचं, हे शरतनं स्वतः शेजारी बसून बाईंना दाखवलं आणि तो आपल्या खोलीत गेला. बाईंनी प्रोग्राम पाठवला. तो लाल अक्षरांत परत आला: पहिल्या ओळीत नाव आहे.

हाताची सवय ती! ‘मदत: शरत. पोर्टल शिकवलं,’ असं वर कधी लिहून गेलं, त्यांना कळलंही नव्हतं.

शरतनं येऊन पडद्यावरची ओळ वाचली. "ती ओळ तेवढी काढा, मॅडम, परत पाठवा."

"नाही काढत. शून्य दे."

"तुम्हाला शून्य?"

"आय्तु, चालेल, दे की! खोटं पास होण्यापेक्षा बरं."

शरत आपल्या खोलीत परत गेला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना बोलावून पोर्टल उघडून दिलं. प्रोग्रामपासून वेगळी अशी एक नवी चौकट आली होती: ‘मदत कोणाची?’ मार्क देऊन झाल्याशिवाय ती तपासणाऱ्याला दिसणार नव्हती.

"रिकामी सोडून बघा, मॅडम."

बाईंनी सोडली. यंत्र पुढं जाईना. मग त्यांचं लक्ष चौकटीखाली गेलं. पोरांना कळावं म्हणून शरतनं तिथं एक नमुना लिहून ठेवला होता: ‘आई. माळ करताना पाहून.’

"विसरला नाहीस होय रे!" बाई म्हणाल्या.

"आई आता नाही, मॅडम. पण मदत चालूच आहे."

बाईंनी पदरानं डोळे टिपले, प्रोग्रामवरची ओळ काढून चौकटीत शरतचं नाव घातलं आणि तो पुन्हा पाठवला. जन्मभर दुसऱ्यांना परत पाठवणाऱ्या बाई दुसऱ्या खेपेला का होईना, पास झाल्या.