शेजाऱ्यांचं गाऱ्हाणं

आमचे शेजारी कुणाशी साधं बोलतच नसत, गाऱ्हाणं घालत. मांजराने बांगडा पळवला तरी हात जोडून म्हणत, ‘बा देवा म्हाराजा, ह्या मांजराक बुद्धी दी रे म्हाराजा.’ आणि गाऱ्हाण्याला भोवतालच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही आमच्या मालवणची रीतच.

साठ सालच्या सुमारास विषमज्वरानंतर माझ्या मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली आणि वाचा गेली. असं क्वचितच होतं, डॉक्टर म्हणाले. माझ्या आयुष्यात दुर्मीळ म्हणावं असं तेवढंच घडलं. एरवीचा बडबड्या मी, पण साधं पाणी मागता येईना.

एका सकाळी शेजारी माझ्या खाटेशी डोळे मिटून उभे राहिले. ‘बा देवा म्हाराजा, ह्येचा बोलणा परत दी रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ घरचे म्हणाले.

‘आणि ता ऐकूची ताकद ह्येच्या बायलेक दी रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा.’

या वेळी घरच्यांमध्ये माझाही आवाज होता, घोगरा. बायको मटकन खालीच बसली. शेजाऱ्यांनी मात्र डोळे न उघडता पुढचं गाऱ्हाणं घातलं, मग त्याच्या पुढचं. माडांसाठी मागून झालं, आमच्या म्हशीसाठी झालं. मला गप्प बसूच देईनात. दुपारी त्यांचा स्वतःचा घसा बसला, तेव्हा कुठे त्यांनी मला पाणी पिऊ दिलं.