मुकट्यावरचे पांढरे केस

नवऱ्याचा पूजेला नेसायचा सोवळ्याचा मरून मुकटा आमच्या गॅलरीत उंच काठीवर टांगलेला असतो आणि त्याच गॅलरीत आमचा पांढरा पामेरियन वर्षातून दोनदा झडतो. दोष कुणाचा, यावर माझं आणि नवऱ्याचं आजवर एकमत झालेलं नाही. ते पंचवटीत यात्रेकरूंचे विधी करतात. मी बँकेत असते, त्यामुळे भांडायला संध्याकाळच काय ती मिळते.

त्या मार्चमध्ये त्यांनी बजावलं, मुकट्यावर आता एक जरी केस दिसला तर कुत्रा त्यांच्या भावाच्या सिन्नरच्या मळ्यात जाईल. गादीशिवाय न झोपणारं हे ध्यान तिथे चार दिवस टिकलं नसतं. मी मनातून घाबरले. तरी श्राद्धात ज्याच्या नावाने घास काढता त्याचा केस का चालत नाही, असं विचारून घेतलंच.

मग कुत्र्याचे केस विंचरायची साधनं आणली. पहिलं धारदार पातीचं निघालं. त्याने वरचे लांब केस कापले आणि आतली लोकर जागच्या जागी. पुढे शहाणी झाले. आधी रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा, मग छोट्या दाताळ्याने लोकर ओढून काढायची, शेवटी बारीक तारांचा ब्रश. दर वेळी उशी भरेल इतका कापूस निघे. हे सगळं मी करत होते मात्र त्याच काठीखाली बसून. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

एका रविवारी ते घाटावरून आले आणि सांगू लागले. मुकट्यावर केस सापडला होता, तोही वडिलांच्या श्राद्धाला बसलेल्या माणसाला. मला वाटलं, संपलं. पण त्या माणसाने केस चिमटीत धरून विचारलं होतं, गुरुजी, घरी कुत्रा आहे का? त्याच्या वडिलांचाही असाच पांढरा होता. रोज तेच विंचरायचे. ते गेल्यापासून कुत्रा कुणाला हात लावू देत नव्हता, अंगावर नुसत्या गाठी झाल्या होत्या.

एवढं सांगून त्यांनी मुकटा आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि येऊन कुत्र्याशेजारी मांडी घातली.

"आधी कुठला घ्यायचा?" त्यांनी विचारलं. "तुझ्या एकटीच्याच हाताची सवय नको त्याला."

मी रुंद दातांचा कंगवा त्यांच्या हातात दिला.