डाव्या कुशीवरची रायफल

रायफल आली ती गोधडीत गुंडाळून, दोन्ही टोकांना सुतळी बांधलेली. काकाजींनी ती टेबलावर ठेवायला सांगितली आणि मला हाक मारली, "कोकण्या, हात धुवून ये. लाकूड तू पाह्य, लोखंड मी पाह्यतो."

हात धुताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. काकाजींनी आदल्या दिवशीच शब्द देऊन टाकला होता, तेही नुसता फोटो बघून. नागपूरच्या एका निवृत्त डॉक्टरांना जुन्या हत्यारांचा शौक. त्यांना फोनवर म्हणाले होते, "साहेब, खिळा न् खिळा मूळचा हाय. माह्या जबानीवर या." डॉक्टर दुपारच्या आत यायचे होते. म्हणजे मी आता काय बघणार आणि काय सांगणार?

आमचं दुकान वर्ध्याकडच्या जाम गावाच्या चौफुलीजवळ. जुनी कपाटं, पितळी समया, बंद पडलेली घड्याळं, सागवानी खुर्च्या. बंदुका आम्ही विकत नाही. लायसन, परवानगी, वर्ध्याच्या कचेरीतले खेटे हे ज्याचं त्याने बघायचं. काकाजी फक्त माल अस्सल की नक्कल ते सांगतात. त्यांच्या सांगण्यालाच किंमत आहे, दुसरं काही त्यांच्याकडे फारसं नाही.

मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सुटली. लाकडाला पॉलिश करायला शिकलो आणि एका ठेकेदाराबरोबर सेवाग्रामला दारं-खिडक्यांच्या कामावर आलो. काम संपलं तेव्हा मी तापाने इस्पितळात पडलो होतो. ठेकेदार बाकीच्यांना घेऊन निघून गेला. त्याआधी एकदाच काकाजींची एक खुर्ची घासून दिली होती, तेवढी ओळख. तेवढ्या ओळखीवर हा माणूस एसटीने रोज डबा घेऊन यायचा. बरा झाल्यावर म्हणाला, "गावाले जाशीन त जा. नाई त दुकानात लय खुर्च्या पडल्या हायेत." मी राहिलो. मागची खोली माझी झाली, जेवण त्यांच्या घरात. आई गावाहून आमसुलं पाठवते, काकू त्यांचं सार करतात, आणि काकाजी रोज वाटी माझ्याकडे सरकवत म्हणतात, "घे बाप्पा, तुझं लाल पानी." ते म्हटल्याशिवाय आमच्याकडे जेवण सुरू होत नाही.

एवढं सांगितलं ते अशासाठी, की मला भीती कशाची वाटत होती ते कळावं. ज्याने ताट वाढलं त्याचाच शब्द खोटा पाडायची वेळ येणार, असं मला हात पुसतानाच वाटायला लागलं होतं.

रायफल आणली होती समुद्रपूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने. वांगी-टमाटे लावणारा माणूस, बरोबर त्याची लेक. लायसन त्याच्या वडिलांच्या वेळेपासूनचं. "इलेक्शन आलं का ठाण्यात जमा करा, मंग सोडवून आना," तो सांगत होता. "माह्याच्यानं नाई होत आता. पोरगी म्हनते, घरात नकोच."

काकाजींनी आधी गज घालून नळी रिकामी असल्याची खात्री केली. मग तोंडाशी टॉर्च धरला. आतून पिळाचे चर शेवटपर्यंत शाबूत दिसत होते. बाजूच्या लोखंडी पट्टीवर इंग्रजी मुकुटाचा ठसा, झिजलेला पण खरा वाटणारा. काकाजींची मान खूश होऊन हलली. मग त्यांनी रायफल माझ्यापुढे सरकवली.

मी लाकडावरून हात फिरवला आणि हात थांबला. उजवी बाजू काळीभोर, तेलकट, खूप जुनी. उलटून पाहिलं, तर डावी बाजू फिकट तपकिरी, जवळजवळ कोरी. एकाच लाकडाचं वय दोन बाजूंना वेगळं कसं असेल? आम्हीसुद्धा हॉटेलवाल्यांना नव्या खुर्च्या 'जुन्या' करून देतो, अर्थात सांगूनसवरून. चहाचं पाणी, डांबराचा हात, वर धूळ. कोण काय करतं ते मला माहीत आहे. फसवणारा माणूस दिसणारी बाजूच काळी करतो. भिंतीकडच्या बाजूसाठी डांबर कोण घालवतो?

काकाजींची एक रीत आहे. विकणाऱ्याच्या तोंडावर त्याचा माल खोटा म्हणायचा नाही. मला संशय आला तर मी फक्त विचारायचं, चहा सांगू का. मग ते चहा पाजतात, शेतीपाण्याच्या दोन गोष्टी बोलतात आणि माणसाला मानाने परत पाठवतात.

"काकाजी, चहा सांगू का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "आत्ता काऊन? डॉक्टरसाहेब येऊन राह्यले. तवाच सांगजो."

"सांगत असान त मी घेतो ना बाप्पा," म्हातारा म्हणाला. "उन्हातून आलो."

चहा आला. टेबलावर कपांना जागा नव्हती म्हणून मी रायफल उचलून खाली लाकडी पाटावर ठेवली. तशी त्याची लेक झटकन उठली.

"ओ भाऊ, अशी नका ठेवू. उलटी झाली." तिने रायफल उचलली, वळवली, काळी बाजू वर केली आणि नळीचं तोंड पूर्वेकडे करून ठेवली. "आमच्या घरी ते डाव्या कुशीवरच निजते. दसऱ्याले अशीच पाटावर ठेवतो. तेल, हळद-कुंकू, समदं याच अंगाले. मंग भितीवर टांगतो, तवाबी हेच अंग इकडं. पलटवली का आजी रागवायची, म्हने तिले झोपेतून उठवू नका."

"आन् भित कोनती?" म्हातारा चहा फुंकत म्हणाला. "चुलीजवळची. धूर खाऊन खाऊन कायीभोर झाली ते."

मी पाटाजवळ बसलो. वाकून बघितलं, तर पट्टी आणि लाकूड यांच्या फटीत कुंकू होतं. तेलात भिजून, वाळून, पुन्हा भिजून दगड झालेलं, वरून काळं आणि नखाने खरवडलं की आतून लाल. स्क्रूच्या खाचाही तशाच भरलेल्या. ही पट्टी कित्येक वर्षांत कुणी खोललेलीच नव्हती. डांबराचा वास कुठेच नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. काकाजींचा शब्द खरा होता.

आणि मग घोडा दिसला. चाप ओढल्यावर जो खाली आपटतो तो. त्याच्या स्क्रूचं डोकं पट्टीच्या स्क्रूंपेक्षा वेगळंच होतं. वळण ओबडधोबड, आणि मानेवर हातोडीचे ठोके स्पष्ट दिसत होते.

"बाबाजी, हा घोडा मूळचा आहे?" मी हळूच विचारलं.

"नाई. तो मोडला होता. आमच्या गावच्या लोहारानं करून देल्ला, मी जवान होतो तवा."

काकाजींचा कप बशीवर वाजला. "मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमी कुठं इचारलं, शेटजी?"

एवढ्यात डॉक्टरांची गाडी लागली.

डॉक्टर सावकाश बघणारे निघाले. भिंग काढलं, ठसा पाहिला, नळी पाहिली. काकाजी बाजूला उभे राहून एक शब्द बोलत नव्हते, आणि मला वाटत होतं, सांगतील, आता सांगतील. ते का गप्प होते हे मला आजही माहीत नाही. कदाचित शब्द शोधत असतील. शेवटी डॉक्टरांनी भिंग खिशात ठेवलं आणि माझ्याकडेच वळले. "लाकूड तुम्ही पाहता, असं फोनवर सांगितलं होतं यांनी. सगळं मूळचं ना?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. काकाजी माझ्याकडे बघत होते. इस्पितळातला डबा मला आठवला, त्याचं झाकण नेहमी अडकायचं.

"लाकूड, नळी, पट्टी मूळची," मी म्हणालो. "घोडा नाही. तो गावच्या लोहाराचा आहे."

डॉक्टरांनी काकाजींकडे पाहिलं. "फोनवर तुम्ही खिळा न् खिळा म्हणाला होतात."

"म्हनलो होतो," काकाजी म्हणाले. "चुकलो."

डॉक्टर विचार करून कळवतो म्हणाले आणि गेले. पुढे रायफल त्यांनीच घेतली, त्या घोड्यासकट. पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्याने सुतळी बांधली. त्याची लेक मला म्हणाली, "दसऱ्याले येजो भाऊ घरी." मी हो म्हणालो, पण लक्ष सगळं काकाजींकडे होतं. ते दुकानाचं अर्धं शटर ओढून, पाठ फिरवून घरात निघून गेले.

मी एकाच कपाटाचं एकच दार घासत बसलो. बॅग किती मोठी लागेल याचा विचारही करून झाला. काकूंनी दोनदा हाक मारली तेव्हा गेलो. ताटं रोजच्यासारखीच मांडली होती. काकाजी खाली मान घालून भात कालवत होते. मी बसलो, पण घास उचलवेना.

"बोला ना काही," काकू म्हणाल्या. "कोनी मेलं का?"

काकाजींनी भात कालवणं थांबवलं नाही. डाव्या हाताने साराची वाटी माझ्या ताटाकडे सरकवली. थोडं सार सांडलंही.

"घे बाप्पा," ते म्हणाले, "तुझं लाल पानी."