कार पार्कमधला नारळ

देवाशी माझं बोलणं जवळजवळ बंद झालं होतं आणि त्याला निमित्त बेसबॉलचं झालं, हे सांगताना आजही ओशाळायला होतं. खरं कारण जुनं होतं. माझी बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. अमेरिकेत नोकरी केली त्या काळात या खेळाचं वेड आम्हा दोघांना एकदमच लागलं, आणि इंग्लंडमध्ये ब्रॅकनेलला आल्यावरही ते सुटलं नाही. इथल्या छोट्या हौशी क्लबचा मी सेक्रेटरी. स्वतः कधी खेळलो नाही, पण चाहता पक्का. ही स्कोअर लिहायची आणि मी काठावरून ओरडायचो. ती गेल्यावर उन्हाळ्यातले ते रविवार तेवढे माझ्याकडे उरले होते.

आणि त्या हिवाळ्यात तेही जायची वेळ आली. बेसबॉलमध्ये सामना सुरू करणारा, तासन्‌तास तग धरून चेंडू टाकणारा भरवशाचा पिचर नसेल तर बाकीच्या आठ जणांनी मैदानात नुसतं उभं राहायचं. आमच्याकडे असे दोन होते. एकाच्या खांद्याचं ऑपरेशन झालं, दुसरा नोकरीसाठी साउथहॅम्प्टनला गेला. कमिटीत ठरलं की फेब्रुवारीअखेर पिचर मिळाला नाही तर यंदा संघ उतरवायचा नाही. एकदा बंद पडलेला क्लब पुन्हा उभा राहत नाही, हे न बोलता सगळ्यांना कळलं होतं. मी लायब्ररीत कागद चिकटवले, ओळखीच्या सगळ्यांना ईमेल पाठवले. कुणाचंही उत्तर आलं नाही.

माघी गणेश जयंतीला इथली मराठी मंडळी एक हॉल भाड्याने घेतात. मी जाणार नव्हतो. पण शेजारचा निखिल दारात येऊन उभा राहिला, "काका, तुम्ही येताय. नो एक्स्क्यूजेस." त्याच्या गाडीत पुढे मी, मागे त्याची बायको प्राची आणि नागपूरहून आलेली त्याची आई. वाटभर मी पिचरचंच रडगाणं गायलो. मधेच प्राचीने विचारलं, "काका, तुमचा तो खांदावाला वळणारा चेंडू, कर्व्ह, टाकायचा का?" मी उत्तर दिलं, पण ते निखिलकडे बघून. बिचाऱ्याला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

हॉलमध्ये मूर्तीसमोर हात जोडले आणि तोंडातून टोमणाच निघाला. "जिला मागितलं तिला तू ठेवलं नाहीस. आता निदान एक पिचर तरी दे, तेवढं तरी जमेल का बघ." देवाला इतकं लागट बोलल्यावर माझी मलाच भीती वाटली.

नारळ हॉलमध्ये वाढवायला परवानगी नव्हती, म्हणून आरतीनंतर आम्ही सगळे कार पार्कमध्ये गेलो. दाराजवळच्या भिंतीशी एक दगडी लादी होती. गुरुजींनी तीनदा आपटला, निखिलने दोनदा आपटला. नारळ हटवादी, ढिम्म फुटेना. शेवटी तो ओल्या हातातून निसटला आणि उतारावरून घरंगळत थेट खालच्या टोकाला गेला. तिथे प्राची गाडीतून मोदकांचा डबा काढत होती. "पकड, पकड! रस्त्यावर जाईल!" निखिल ओरडला. आम्ही सगळे बाजूला सरून बघत होतो.

तिने नारळ उचलला, कपाळाला लावला. क्षणभर लादीकडे पाहिलं. मग तिचा डावा गुडघा छातीपर्यंत वर आला, कंबर वळली आणि हात खांद्यावरून सपकन पुढे आला. साठेक फुटांवरून तो नारळ माझ्यासमोरून गेला आणि लादीच्या बरोब्बर कडेवर फुटला. दोन स्वच्छ शकलं! पाणी माझ्या बुटांवर उडालं. मी थिजलो. ती लकब मी हजारदा पाहिली होती, पण पैठणीतल्या बाईची कधीच नाही.

"अगं! बायका नारळ वाढवत नसतात!" निखिलची आई किंचाळली. "आणि तो असा फेकतात होय?"

"चुकलं, आई," प्राची रडवेली झाली. "लादी दिसली आणि हात थांबलाच नाही."

गुरुजींनी शकलं उचलली, आत खोबरं पांढरंशुभ्र होतं. "वाढला ना? मग पोचला त्याला," ते शांतपणे म्हणाले.

कसंबसं मी विचारलं, "हे कुठे शिकलीस तू?"

"अमरावतीला, काका. कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये पिचर होते. युनिव्हर्सिटीकडून पण खेळले."

"माझ्याकडे कधी बोलली नाहीस!" निखिल म्हणाला.

"लग्न ठरताना स्वयंपाकाचं विचारलं होतं. खेळाचं कुणी विचारलंच नाही." मग माझ्याकडे बघत ती त्यालाच म्हणाली, "काकांना गाडीत सांगणार होते. पण काका तुझ्याशी बोलत होते."

मला रडू कोसळलं, सगळ्यांसमोर. पिचर सापडला म्हणून तर होतंच, पण त्याहून जास्त लाजेने. मी ज्याच्यासाठी देवाला टोमणे मारत होतो ते त्याने माझ्या पाठीमागच्या सीटवर आणून बसवलं होतं, आणि मी मान वळवली नव्हती. हा चमत्कार की योगायोग, ते मला ठाऊक नाही आणि मी वाद घालणार नाही. आत जाऊन मूर्तीपुढे बसलो तेव्हा मागायला काहीच सुचेना. किती दिवसांनी मी देवापुढे नुसताच गप्प बसलो.

आमच्या लीगमध्ये बायकाही खेळतात. एप्रिलच्या पहिल्या सामन्यात प्राचीने सुरुवात केली. आम्ही एका रनने हरलो. बायकोच्या घडीच्या खुर्चीत दोन वर्षं कुणी बसलं नव्हतं. त्या दिवशी निखिलची आई शाल गुंडाळून तीत बसली होती आणि अंपायरला नागपुरी शिव्या घालत होती.

देवाकडे मी आजही मागतो, सवय कुठली जायला! पण मागून झालं की गप्प बसतो आणि कान उघडे ठेवतो. मॅचला आम्ही चौघं निखिलच्याच गाडीतून जातो. पुढे प्राची बसते. मी मागे.