चौथं तिकीट

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल आणि झाडू धरून बोटं ताठ झाल्यामुळं अक्षरही ओळीवर बसत नाही. वाचणाऱ्यानं तेवढं पोटात घालावं. वाचणारं कोण असेल, हे मलाच ठाऊक नाही. चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही, म्हणून लिहिते. गावात राहिलेल्यांसाठी लिहिते, आणि माझ्यासारख्या गाठोडं घेऊन निघालेल्या बायांसाठीही.

आम्ही नवरा-बायकोनं आमचं गाव, डोंगरकडा, सोडलं त्या सकाळी रस्त्याच्या कडेला केळीच्या घडांचा ट्रक भरणं चालू होतं. एस.टी. येईपर्यंत माय उकिडवी बसून होती. रडली नाही. माझी धाकटी बहीण ज्योती तेव्हा शाळेत जायची. ती माझ्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. "आक्का, मला हैदराबाद दाखवायला नेशील ना?" एवढंच तिचं चाललेलं. गाडी दिसली तशी माय उठली. म्हणाली, "बाई, शहरात कोनी पाणी मागितलं तर दे. पर आदी इचार, कोन्या गावचा, कोनाचा. जो सांगत न्हाई त्याच्यापासून दूर ऱ्हाय."

नांदेडला रेल्वेत बसलो तेव्हा मला वाटलं होतं, आता मोठमोठ्या गोष्टी बघायला मिळतील. पण हैदराबादेत तीन वर्षं मी बघितली ती वाळू, विटा आणि दुसऱ्यांच्या घरांच्या अर्ध्या भिंती. माझे मालक गवंडीकाम करत, मी घमेली उचलायची. एक इमारत झाली की खोपटाचे पत्रे उचलून दुसऱ्या इमारतीच्या पायाशी. लोक लांबून ज्या गोष्टी बघायला येतात, त्या आमच्यापासून एका बसच्या अंतरावर होत्या. मी एकही बघितली नव्हती.

मग मालक परांचीवरून पडले. मांडीचं हाड मोडलं. दवाखान्याचा सगळा खर्च मुकादमानं केला. मुकादम आमच्याच भागातला, गोड बोलणारा. दर आठवड्याला यायचा, पायाची चौकशी करायचा, चहा प्यायचा आणि जायचा. पैशाचं नाव काढायचा नाही. माझे बाबा म्हणत, मागणाऱ्या सावकाराला भिऊ नये, न मागणाऱ्याला भ्यावं. मला ते आठवायचं, पण बोलणार कुणाजवळ?

मालक काठी टेकून चालायला लागले आणि एक दिवस आपणहूनच म्हणाले, "ज्योतीला बोलावून घे. हैदराबाद दाखवू तिला." ज्योती बारावी पास झाली होती. नर्सिंगला नंबर लागतो का, याची वाट बघत घरी होती. मला वाटलं, पडल्यापासून माणूस मवाळ झाला. आनंदानं मी त्याच रात्री पत्र लिहिलं. गावाकडच्या एका कुटुंबासोबत ती जानेवारीत आली. येताना मायनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती.

रविवारी निघालो. मालकांनी सगळं आधीच ठरवलं होतं. सकाळी प्राणिसंग्रहालय, बाराच्या ठोक्याला म्युझियममधलं घड्याळ, मग चारमिनार, आणि ऊन उतरलं की तळ्यातल्या बुद्धमूर्तीपर्यंत बोट. जरा इकडंतिकडं झालं की घाई करायचे. निघताना म्हणाले, "ज्योतीची पिशवी घे संगं. कपडे समदे भर."

"काहून? रात्री घरीच येनार न आपुन?"

"थंडी वाजंल तिला. घे म्हणलं न."

मी घेतली. दिवसभर ती पिशवी कधी माझ्या खांद्यावर, कधी त्यांच्या.

वाघाच्या पिंजऱ्यासमोर ज्योती पोट धरून हसली. वाघ या टोकाकडून त्या टोकाला सारखा चालत होता. "आक्का, हे तर आपल्या सरपंचावानी येरझाऱ्या घालून राहिलं. मतं कमी पडली वाटतं याला!" शेजारच्या बाकावर राखाडी सफारीतला एक माणूस बसला होता, चाळिशी ओलांडलेला. कानात अत्तराचा बोळा. वास आमच्यापर्यंत येत होता. मालकांनी त्याच्याकडं बघितलं नाही. इतकं बघितलं नाही, की ते माझ्या लक्षात राहिलं.

म्युझियममध्ये बाराच्या आधी चौकात ही गर्दी झाली. सगळे त्या मोठ्या घड्याळाकडं तोंड करून बसले. आतून एक बोटभर उंचीचा दाढीवाला बाहेर येतो आणि घंटेवर ठोके मारतो, ते बघायला. ज्योतीनं माझा हात घट्ट धरला. ठोके पडायला लागले. लहान-मोठी सगळी तोंडं वर, एकाच दिशेला. मला गर्दीत अंग चोरून बसायची सवय, मी मान फिरवली, आणि दिसलं, की एक तोंड घड्याळाकडं नाही. सफारीवाला ज्योतीकडं बघत होता. बाजारात गाईचे दात बघतात, तसं. बाराही ठोके संपेपर्यंत त्यानं डोळे हलवले नाहीत.

मी मालकांना हळूच म्हटलं, "त्यो मानूस सकाळी बी व्हता."

"असंल. शहर बघाया आलेले समदे तेच तेच बघतात."

खरंही होतं ते. पण थंडीच्या दिवसांत त्यांच्या मानेवर घाम होता.

चारमिनारजवळच्या बांगड्यांच्या गल्लीत तर डोळे दिपले. दुकानदारानं ज्योतीचा हात हातात घेतला. "हाथ ढीला छोडो बहन, डरो नक्को." ज्योती साध्या काचेच्या मागत होती. मालक मधेच म्हणाले, "लाल दाखवा. खड्याच्या." माझ्या मालकांनी मला कधी रिबीन घेऊन दिली नव्हती.

"दाजी, एवढ्या भारी? लगीन हाय का काय मपलं?" ज्योती हसली.

दाजी हसले नाहीत. खाली फरशीकडं बघत राहिले. समोर अत्तराच्या दुकानाच्या पायरीवर सफारीवाला उभा होता. ज्योतीच्या मनगटात बांगड्या चढल्या, तशी त्यानं मान हलवली. पसंत, अशी.

तेव्हा मला उमगलं.

आमच्यात पोरगी बघायला येतात ते घरी येतात. पंच असतात. सतरंजीवर बसतात, पाणी पितात, कोण-कुठले ते आधी सांगतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो, त्याच्यासमोर बोलणं होतं. ते जसं पोरीला विचारतात, तसं आपलेही लोक त्यांना विचारतात. इथं माझी बहीण रस्त्यावर, वाघासमोर, घड्याळासमोर बघितली जात होती, आणि तिला वाटत होतं की ती शहर बघतेय.

तळ्यावर पोचलो तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. पाण्याच्या मधोमध बुद्ध उभे. ज्योतीनं चपला काढल्या आणि लांबूनच हात जोडले. कणसं विकणारी म्हणाली, की मूर्ती आणताना पाण्यात गेली होती, माणसं बुडाली, आणि मूर्ती बराच काळ तळाशी पडून होती, मग वर काढली. ते ऐकून मला त्या शांत पाण्याचीच भीती वाटायला लागली.

ज्योती कठड्याकडं पळाली. तिथं एक फोटोवाला होता, लगेच फोटो काढून देणारा. मालक खिडकीवरून तिकिटं घेऊन आले. त्यांच्या हातातली तिकिटं मी बघितली. चार होती. आम्ही तिघं होतो.

"चौथं कोनाचं?"

त्यांनी तिकिटं मुठीत दाबली. रांगेत आमच्या मागं अत्तराचा वास आला. रस्त्याच्या कडेला एक पांढरी गाडी उभी होती, तिचं मागचं दार उघडं होतं. आणि ज्योतीची पिशवी मालकांच्या खांद्यावर होती. सगळे कपडे भरलेली.

मी दुकानात साखर मागतानाही घाबरते. लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा माझा आवाज कुणाला ऐकू गेला नव्हता. पण त्या वेळी मला मायचं बोलणं आठवलं आणि दुसरं काही सुचलंच नाही. मी वळले आणि सफारीवाल्यासमोर उभी राहिले.

"ओ भाई, तुम कौन गाँव के?"

तो दुसरीकडं बघायला लागला.

"तुमकोच पूछ रही मैं. नाम क्या तुम्हारा? बाप का नाम क्या? घर में कौन-कौन है?" माझा आवाज फाटत होता, पण थांबत नव्हता. "सुबह से पीछे हो. लडकी देखने आये ना? फिर तुम्हारे पंच किधर हैं?"

रांग वळून बघायला लागली. बुरख्यातली एक म्हातारी नातवाला कडेवर घेऊन पुढं आली. "बोलो ना मियाँ, बच्ची पूछ री ना. नाम नै क्या तुमको? माँ-बाप रखना भूल गये?" लोक हसले. मग हसायचे थांबले, कारण तो उत्तर देत नव्हता. एकानं विचारलं, "क्या हुआ बहन?" दुसरा जवळ सरकला.

"पागल औरत," तो म्हणाला. मालकांकडं बघून हळू आवाजात म्हणाला, "मुकादम से बात करूँगा." आणि गेला. गाडीचं दार लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

मी मालकांच्या हातातून दोन तिकिटं ओढून घेतली. दोन त्यांच्या हातात राहिली. ज्योती फोटो हलवत पळत आली. तिनं काहीच बघितलं नव्हतं. "आक्का, तू पाठमोरी आलीस बघ फोटोत! भांडून राहिली होतीस का कोनासंगं?"

"रांगेत घुसत व्हता एक जन," मी म्हटलं.

बोटीत तिनं विचारलं, "दाजी काहून आले न्हाईत?"

"पाय दुखून राहिला त्यांचा."

मूर्तीच्या पायाशी तिनं गुडघे टेकून वंदना म्हटली, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. मीही हात जोडले, पण डोळे मिटले नाहीत. मी किनारा बघत होते. काठावर मालक पिशवी घेऊन एकटेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ज्योतीला घेऊन गाडीत बसले आणि डोंगरकड्याला मायच्या दारात सोडून परत आले. मालक एवढंच म्हणाले, "त्यो नुसतं बघतो म्हणला व्हता. बोटीत बोलनं करू म्हणला."

"मंग पिशवी काहून घ्याया लावली?"

त्यांनी काठी उचलली आणि बाहेर निघून गेले.

त्या आठवड्यात मुकादम आला आणि पहिल्यांदा पैशाचं बोलला. दवाखान्याचे, आणि त्या सफारीवाल्या पाहुण्याकडून मालकांनी आधीच घेतलेले. मी दाराआडून म्हटलं, "मी फेडीन. महिन्याच्या महिन्याला." तो हसला. म्हणाला, "आपलंच गाव हाय. घाई न्हाई." त्याला आमचं गाव ठाऊक होतं, घर ठाऊक होतं. म्हणूनच मी एक महिनाही चुकवला नाही.

तळ्याजवळच्या बागेत मला झाडायचं काम मिळालं. आता शहर बघायला येणारे मी रोज बघते. कणसं खातात, फोटो काढतात, पाण्याकडं बोट दाखवतात. सगळे जिकडं बघतात तिकडं मी बघत नाही. जो तिकडं बघत नाही, त्याला शोधते. नवीन बांगड्या घातलेली एखादी गावाकडची पोरगी दिसली, सोबत मोठी पिशवी असली, तर मी तिच्या मागं मागं झाडत जाते. बहुतेक वेळा काहीच नसतं. एकदोनदा मी मोठ्यानं विचारलंही आहे, "कौन गाँव के?"

मालकांसोबतच राहते. स्वयंपाक करते, पाय चेपून देते. पण माहेरच्या कुणाचं नाव त्यांच्यासमोर घेत नाही. आलेली पत्रं दाखवत नाही.

ज्योती नर्स झाली. तिला बघायला आलेली माणसं घरी आली, सतरंजीवर बसली, गावाचं नाव सांगून पाणी प्याली. मी त्या दिवशी मुद्दाम गेले होते. मुलगा पाणी पीत असताना मी दारात उभी राहून त्याचा घसा हलताना बघत होते, आणि माझं मन कितीतरी वर्षांनी थाऱ्यावर आलं.

तो फोटो तिनं चौकट करून मायच्या घरात लावला आहे. मधे ती हसणारी, हात लाल बांगड्यांचे. मागं लांब पाण्यात बुद्ध. आणि कडेला माझी पाठ, आणि माझ्या पाठीपलीकडं एक राखाडी खांदा. ती येईल-जाईल त्याला सांगते, "माझ्या जिंदगीतला सगळ्यात चांगला दिवस. आक्कानं मला हैदराबाद दाखवलं." मला म्हणते, "परत ने न गं एकदा." मी म्हणते, नेईन.

पूर्वी गाव म्हटलं की मला केळीचा वास, मायचा चुलीपुढचा आवाज आठवायचा. आता गावी गेले की पहिल्यांदा नजर त्या भिंतीवर जाते. तो खांदा तिथंच असतो. मी फोटोकडं तोंड करून झोपते. तेच माझं माहेर आता. जिथं तो माणूस आत येऊ शकला नाही, आणि जिथून मी त्याचा खांदा काढूही शकत नाही.

मागच्या महिन्यात शेवटचे पैसे घेऊन मुकादमाकडं गेले. तो आता म्हातारा झालाय. त्यानं बसायला सांगितलं, मी उभीच राहिले. रुमालाची गाठ सोडून पैसे टेबलावर ठेवले.

"तुपली बहीण कुठं असती आता?" त्यानं गोड आवाजात विचारलं.

"मोजा," मी म्हटलं.

अंगठा जिभेला लावून त्यानं सावकाश मोजले. "बराबर हाय. फिटलं समदं."

मी रिकामा रुमाल झटकला, त्याची घडी केली, कमरेला खोचली, आणि त्याच्या प्रश्नाचं उत्तर न देता बाहेर आले.